पातेलं मी नेलं होतं

गेल्या महिन्यात आमच्या विहारात महिला मंडळानं वयस्कर मातांचे अनुभव ऐकायचा कार्यक्रम ठेवला होता. पहिलं बोलायचा मान माझ्या बायकोला मिळाला. ती आरोग्य खात्यात नर्स होती. एकतीस वर्षं नोकरी आणि सात लेकरं, एवढं सांगितलं की आमच्या भागात तिची ओळख पुरते.

तिची ओळख करून द्यायला उभा राहिला तो आमचा मुलगा. सहा बहिणींच्या पाठीवरचा. परतूरला कॉलेजात शिकवतो आणि अंधश्रद्धेवर भाषणं देतो. तो फार चांगलं बोलतो, लोक त्याला गावोगाव बोलावतात. माइक हातात घेऊन तो म्हणाला, "माझी आई लोकांना सुया द्यायची, गोळ्या द्यायची. पण माझ्यासाठी तिनं देवीला नवस केला आणि याच विहाराच्या पातेल्यात बोकड शिजवला! शिकलेल्या बाईची ही तऱ्हा, तर बाकीच्यांचं काय? पण तिनं समाजापुढं उभं राहून चूक कबूल केली. माझी आई मोठी आहे ती त्यासाठी."

लोक हसले, मग टाळ्या वाजवल्या. हे उदाहरण तो नेहमीच देतो. मी मागच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलो होतो.

ती उठली, पदर सारखा केला आणि माइक न घेताच बोलायला लागली.

"नोकरीचं काय सांगू? सकाळी तिघींच्या वेण्या घालायच्या, एकीला पाजायचं आन् लशीचा डबा घेऊन निघायचं. तीन गावं माझ्याकडं, सगळी पायी. बाया आधी दार लावून घ्यायच्या. मंग अडलं-नडलं की मलाच निरोप. माझ्या पाचव्या पोरीला सव्वा महिना झाला न्हाई तर मी दुसऱ्या बाईचं बाळंतपण करायला गेल्ते. लेकरं मी वाढवली असं तुम्ही म्हणता, पण तसं न्हाई. एकीनं दुसरीला वाढवलं. थोरलीची शाळा त्यातच सुटली. ती आज आली न्हाई, आली असती तर तिच्या तोंडावर बोलले असते की माय, तुझं माझ्याकडून राहून गेलं."

कुणीतरी विचारलं, "आन् धम्माचं सांगा की, माय."

"धम्माचं एवढंच. सकाळी पाच शीलं म्हणायची आन् दिवसभर जमतील तेवढी पाळायची. मला चार जमली."

"कोणतं न्हाई जमलं वो?" एक पोरगी हसून म्हणाली.

तिनं मुलाकडं पाहिलं. "यानं सांगितलं ना आत्ताच. चूक झाली माझ्याकडून. समाजानं पदरात घेतलं." आणि ती खाली बसली.

तेव्हा मी उठायला पाहिजे होतं. माझं वय एक्याऐंशी आहे, घालवायला आता काही उरलेलं नाही. तरी मी उठलो नाही. म्हणून हे लिहितो आहे.

नवस तिनं केला नव्हता. मी केला होता. पातेलंही मीच नेलं होतं.

तेव्हा मी प्राथमिक शिक्षक होतो आणि विहार समितीचा सचिव. जयंतीला माझं भाषण असायचं. मुलगा-मुलगी समान, देवापुढं हात पसरू नका, हे मी दरवर्षी सांगत असे आणि लोकही मन लावून ऐकत. घरी मला चार मुली होत्या. चौथीनंतर बायकोनं नसबंदीचा कागद आणला. त्यावर नवऱ्याची सही लागायची. दुसऱ्या बायकांच्या नवऱ्यांना समजावून सह्या घेणं हे तिचं रोजचं काम होतं. मला तिनं समजावलं नाही, नुसता कागद पुढं ठेवला. मी तो शाळेच्या दाखल्यांच्या फाइलीत घातला आणि "बघू" म्हणालो. पाचवी झाली, सहावी झाली. गावातल्या बायका तिला तोंडावर म्हणायच्या, "बाई, आमच्या मागं लागता, आन् तुमच्या घरी तर दरसाल पाळणा." ती हसायची म्हणे. मला हे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या एका नर्सबाईनं सांगितलं.

सहावीनंतर तिला बढतीच्या प्रशिक्षणाचा हुकूम आला. सहा महिने शहरात राहायचं, परत आल्यावर तिच्या हाताखाली चार-पाच नर्स. तिनं तो हुकूम कपाटात ठेवला नाही, भिंतीवर खिळ्याला अडकवला. येता-जाता दिसावा म्हणून.

त्याच दिवसांत माझ्या आईनं देवीचं काढलं. अंबडकडच्या एका शिवारात ही देवी आहे, शेंदूर लावलेला नुसता दगड. धर्मांतर झालं तेव्हा आईला पाच लेकरं होती. तिच्या मनातून जुनं गेलं नव्हतं. सगळं तिच्यावर ढकलावं असा मोह मला अनेकदा झाला. पण ती फक्त बोलली. सायकल काढून तिथं गेलो मी. मुलगा झाला तर त्याचं जावळ इथंच काढीन आणि बोकड देईन, असं मी त्या दगडापुढं स्वतःच्या तोंडानं बोललो. येताना रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तर काय सांगायचं, तेवढंच डोक्यात होतं.

प्रशिक्षणाला जायची वेळ आली तेव्हा तिला तिसरा महिना होता. 'घरगुती अडचणीमुळे येऊ शकत नाही' असा अर्ज गेला. माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्जही मीच लिहिला. तिनं सही केली आणि भिंतीवरचा हुकूम काढून चुलीत घातला.

मुलगा झाला. त्याचं जावळ मी काढू दिलं नाही. दोन वर्षांचा झाला तरी पोराच्या केसांची वेणी पडायची. वस्तीतले लोक विचारायचे, "मास्तर, पोरगं हाय का पोरगी? का देवाचे केस ठेवलेत?" मी हसून सांगायचो, "त्याच्या आईला आवड आहे, राहू द्या."

शेवटी आई हट्टाला पेटली. बायकोनं सरळ सांगितलं, "मी येत न्हाई. घरात कात्री हाय, आत्ता कापते."

"आईचं मन मोडू नको," मी म्हणालो.

"आईचं का तुमचं?"

पोरगं अंगावर पीत होतं, तिच्याशिवाय राहत नव्हतं, म्हणून तिला यावं लागलं. तिथं ती लांब एका बाभळीखाली बसली. हात जोडले नाहीत, जेवली नाही.

आईकडचे वीस-पंचवीस पाहुणे येणार होते. एवढं मोठं पातेलं घरात नव्हतं. विहाराच्या खोलीची किल्ली सचिव म्हणून माझ्याकडं असायची. जयंतीच्या जेवणाचं मोठं पातेलं मी त्या खोलीतून काढलं आणि भाड्याच्या जीपमध्ये टाकलं. त्याच्या काठावर विहाराचं नाव कोरलेलं आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ते नाव मीच कोरून घेतलं होतं. पण एवढ्या लांब कोण वाचणार, असं वाटलं.

मी शेजारच्या गावात पत्रावळी आणायला गेलो. तेवढ्यात आमच्याच वस्तीतला एक माणूस तिथं पाणी प्यायला थांबला. तो त्या भागात कापूस वेचायला गेला होता. त्याला चुलीवरचं पातेलं दिसलं आणि झाडाखाली तासलेल्या डोक्याचं पोरगं घेऊन बसलेली माझी बायको दिसली. मी दिसलो नाही.

आठ दिवसांनी समितीनं बैठक ठेवली. बैठकीच्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत होती. मी तिच्याजवळ पाटावर बसलो आणि म्हणालो, "तू नेलं म्हण. किल्ली तर घरातच असते."

तिनं हात थांबवला. "मी?"

"माझं सचिवपद जाईल. शाळेत तोंड दाखवता येणार न्हाई. बाईमाणसाला लोक माफ करतात."

"मंग माझ्या तोंडाचं काय?"

"तुझ्याकडं कोण बघून राह्यलं?"

हे मी बोललो. याच शब्दांत. तव्यावरची भाकरी करपली, तिनं ती काढून स्वतःच्या ताटात ठेवली.

संध्याकाळी ती विहारात उभी राहिली आणि "नवस मी केला, पातेलं मी नेलं" म्हणाली. लोक तिला बरंवाईट बोलले. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बाई, मास्तरला माहीत नव्हतं?" ती म्हणाली, "त्यांना काय माहीत? ते शाळेत असतात." बैठकीचा वृत्तान्त सचिवानं लिहायचा असतो. तो मी लिहिला. 'सचिवांच्या पत्नीने आपली चूक कबूल केली व माफी मागितली. मुलांचा धम्मवर्ग त्यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे.' खाली माझी सही.

तो धम्मवर्ग तिनं सुरू केला होता. दर रविवारी वस्तीतली तीस-चाळीस लेकरं तिच्यापुढं बसत. आमच्या घरात खरी श्रद्धा कुणाची असेल तर ती तिची. मी भाषणं करायचो. विहारातलं दिवाबत्तीचं काम तिनं कधी चुकवलं नव्हतं. पुढच्या रविवारी लेकरं नेहमीसारखी आली आणि दुसऱ्या बाईपुढं बसली. त्यांचं पंचशील म्हणणं आमच्या घरात ऐकू येत होतं. ती कपडे धूत राहिली.

बोभाटा तिच्या तीन गावांतही गेला. बायका म्हणायला लागल्या, "तुम्हाला देवीनं पोरगं दिलं, मंग आम्हाला आपरेशन कशाला सांगता?" यावर तिच्याकडं उत्तर होतं, पण ते द्यायचं नव्हतं. नसबंदीचा ठरवून दिलेला आकडा पुरा होईना. तिची बदली भोकरदन तालुक्यात झाली. धाकट्या तिघांना घेऊन ती तिकडं राहिली, बाकीच्या चौघी माझ्याकडं. थोरलीनं चूल धरली ती तेव्हा. बढतीचा विषय परत निघाला नाही.

तिला न जमलेलं शील कोणतं, ते विहारात बसलेल्या लोकांना वाटलं तसं नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. त्या दिवसापासून पंचशील म्हणताना चौथी ओळ आली की ती गप्प राहते. तिसरी म्हणते, थांबते, पाचवी म्हणते. चाळीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून ही चौथी ओळ मोठ्या आवाजात म्हणत आलो आहे.

कार्यक्रमाहून आल्यावर मी तिला म्हणालो, "तू परत तेच का सांगितलंस?"

"मंग काय सांगायचं होतं? पोरगं बोलल्यावर त्याला खोटं पाडू?"

पुढच्या रविवारी मुलगा आला. ती भाजी निवडत होती. मी त्याला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, सही न केलेल्या कागदापासून. तो पहिल्यांदा हसला, त्याला वाटलं मी आईची बाजू घेतो आहे. मग त्याचा चेहरा उतरला.

"आई, खरं का हे?"

तिनं मान वर केली नाही. "जुनं झालं ते."

"मी पन्नास ठिकाणी बोललो असेन हे. तुझ्यासमोर बोललो. तू हसायचीस."

"तू चांगला बोलायचास."

तो माझ्याकडं वळला. "बाबा, त्या दिवशी विहारात तुम्ही तिथंच होता ना? मी बोलत होतो तेव्हा?"

"होतो."

तो उठला, चहा न घेताच गेला. तेव्हापासून त्याचा फोन तिला येतो. मला येत नाही. तो आता त्या विषयावर भाषण देत नाही, असं धाकटी सांगते.

मला वाटलं होतं, सांगितल्यावर तिला हलकं वाटेल. खरं सांगायचं तर मला हलकं व्हायचं होतं. मुलगा गेल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "तेव्हाही तुम्हीच ठरवलं मी काय बोलायचं ते. आता काय सांगायचं तेही तुम्हीच ठरवलं. मला इचारलं का?"

विचारलं नव्हतं.

"माझं नाव खराब झालं ते झालं. पण पोरगं मला मान द्यायचं. चूक कबूल केलेली आई म्हणून का व्हईना, द्यायचं. आता त्याला माझी कीव येते. फोनवर रडतंय. त्याच्या जन्मापायी माझं काय काय गेलं ते मोजत बसलंय. मी हे कधी मोजलं न्हवतं त्याच्यापुढं. ते तुम्ही मोजून दिलं."

मी म्हणालो, समितीच्या वहीत दुरुस्ती करून घेतो. मग नवीन सचिवाला भेटलो. तरुण आहे, आदरानं बोलला. "बाबा, जुन्या वृत्तान्तात खाडाखोड करता येत नाही. तुम्ही वेगळं लिहून द्या, आम्ही वहीला जोडून ठेवू." ते लिहून देण्यासाठी मी हे सुरू केलं आणि ते लांबत गेलं.

पण या वेळी लिहिण्याआधी तिला विचारलं. ती पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होती.

"लिहा," ती म्हणाली. "पण नाव कुणाचं घालू नका, लेकरांना अजून इथं राहायचंय. आन् मी तुम्हाला माफ केलं असं शेवटी लिहू नका. तुम्हाला तसं लिहायची सवय हाय."

तिनं मला माफ केलेलं नाही.