तांबडीचं रक्त

पोलिसांच्या पागेत त्याला सगळे सुईकाका म्हणत. बावीस वर्षं तो घोड्यांचं रक्त काढत होता: गस्तीला निघण्याआधी, परतल्यावर लगेच आणि दोन तासांनी पुन्हा. कामाने रक्तात काय बदलतं, हे त्याला पाढ्यांसारखं तोंडपाठ होतं. दौडीनंतर रक्त दाट होतं, ताणाचं संप्रेरक चढतं. घोडं विसावलं की हळूहळू सगळं जागेवर येतं.

तांबडी घोडीचं येत नव्हतं.

महिन्यापूर्वी बंदोबस्तात कुणीतरी पत्र्यावर दगड भिरकावला. तांबडी बिथरली, स्वार खाली आला आणि तिचा मागचा पाय त्याच्या छातीवर पडला. तो जागीच गेला. तो स्वार सुईकाकाच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

तेव्हापासून तांबडी पागेबाहेर पडली नव्हती. तरी तिच्या रक्ताचे आकडे असे, की जणू आत्ताच गर्दीतून आली आहे.

"काका, नळ्यांची अदलाबदल झाली नाही ना?" पागेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"तीनदा काढलं, बाई. तीच घोडी."

"स्नायू तर ठणठणीत आहेत. मग हे काय?"

सुईकाकाने नळ्या पेटीत ठेवल्या. रोज दुपारी चारला, दगड पडला त्या सुमाराला, तांबडी कोपऱ्यात सरकायची. अंगाला दरदरून घाम. मग मागचा उजवा पाय उचलून धरायची आणि बराच वेळ खाली टेकवायचीच नाही. हल्ली घरी, भर दिवसा, जिन्यावर त्याला टापा ऐकू यायच्या.

एके दिवशी बहीण पागेत आली.

"अजून जिवंत ठेवलीय तिला?"

त्याने बहिणीला तांबडीच्या ठाणाशी नेलं. चार वाजले. बहिणीने तो उचललेला पाय पाहिला आणि ती गवताच्या पेंढीवर बसली.

"दादा, तिला कळतंय?"

"ते मला ठाऊक नाही. पण तिचं रक्त शांत होत नाही." मग इतके दिवस लपवलेलं त्याने बोलून टाकलं. "त्या दिवशी सकाळीही आकडा चढाच होता. मी त्याला म्हटलं, आज हिला नेऊ नकोस. तो हसला. म्हणाला, 'दादा, गर्दीत हिच्याइतकं शहाणं कोण आहे?' मी आकड्याचा कागद इतर कागदांखाली सारला. बाईंना दाखवलाच नाही."

बहीण पेंढीवरून उठून तांबडीजवळ गेली.

"त्यांनी हसण्यावारी नेलं असणार. स्वभावच तसा," ती म्हणाली. "तरी तू थांबवायला हवं होतंस."

"हवं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याने तो कागद डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवला. चौकशी झाली. त्याच्या हातातून सुई गेली, चारा-कोठाराची किल्ली आली. मात्र सकाळचा आकडा चढा असेल तर घोडं बाहेर काढायचं नाही, असा नियम लागला. तांबडीला कायमची रजा देऊन कुरणावर पाठवलं. तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई कोठारात येऊन म्हणाल्या, "तांबडीचा संध्याकाळचा आकडा थोडा उतरलाय, काका. थोडाच."

बहीण एकदा एकटीच कुरणावर जाऊन आली. तिथे काय पाहिलं, हे तिने सांगितलं नाही. विचारायची त्याची छाती झाली नाही.