ठराव झाला तेव्हा आई रांगेत होती

तुमच्या आईला संडासला जायला किती पायऱ्या उतराव्या लागतात? घाई नको, आठवून सांगा. गेल्या वर्षापर्यंत मला कुणी हे विचारलं असतं, तर मी त्याला जागेवरचा हक्क, बिल्डरांची दादागिरी आणि गिरणगावाचा अख्खा इतिहास ऐकवला असता. पायऱ्यांचा आकडा मात्र सांगता आला नसता.

मी पत्रकांवर वाढले. बाबा गिरगावातल्या एका छापखान्यात कामाला होते. संप, मोर्चे, सभा, सगळ्यांची पत्रकं तिथं छापली जायची. त्यातली शाई फिसकटलेली, वाकडी कापली गेलेली बाबा घरी आणायचे. माझ्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. 'बंधूंनो आणि भगिनींनो' मी आधी वाचायला शिकले, कमळ आणि बदक नंतर आलं. परिणाम असा की मोठेपणीही मी 'आमटी वाढ' म्हटलं तरी समोरच्याला निवेदन दिल्यासारखं वाटतं.

आई परळला म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात नर्स होती. ती गेल्या वर्षी रिटायर झाली. बाबांचा छापखाना त्याआधीच बंद पडला होता. लालबागच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या दोन खोल्या, आणि त्यात आता दोघंच. मग विषय निघाला, आता राहायचं कुठं? गावचे काका म्हणाले, गावी या, घर उघडं राहील. मावशी म्हणाली, बदलापूरला या, हवा चांगली आहे. रिटायर झालेल्या बाईला कुठं पाठवायचं हे त्या बाईखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, बैठक घेऊ.

रविवारी सकाळी घेतली. कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे मी विषयपत्रिका लिहिली. अध्यक्ष म्हणून शेजारचे काका बोलावले, कारण ते चाळ कमिटीचे सेक्रेटरी आणि अध्यक्षाशिवाय बैठक होते कशी? श्रोते म्हणून बाबा. ते खुर्चीत बसून पेपरातलं कोडं सोडवत होते. मी वीसेक मिनिटं बोलले. गाव म्हणजे हद्दपारी, बदलापूर म्हणजे शरणागती, असं काहीबाही. बरं बोलले असेन, काकांनी दोनदा मान हलवली. शेवटी ठराव वाचला : 'आम्ही लालबाग सोडणार नाही. पुनर्विकासात हक्काची मोठी जागा मिळेपर्यंत आम्ही इथेच राहू आणि लढू.'

"बाबा, मंजूर?"

"माका इचारू नको. तुझ्या आवशीक इचार," बाबा कोड्यातून मान वर न काढता मालवणीत म्हणाले.

मी ते मंजूर असं धरलं.

तेवढ्यात आई आली. हातात रिकामी बादली, पायांत ओल्या स्लिपर. आमच्या मजल्याच्या संडासांचा पाइप फुटून वर्ष झालं होतं. तेव्हापासून सगळा मजला खाली दुसऱ्यावर जायचा आणि रविवारी रांग मोठी असायची. आई दाराला धरून जरा उभी राहिली, मग आत आली.

"काय चाललंय?"

"ठराव झाला, आई. एकमतानं!"

"एकमत? कितीजणांचं?"

"उपस्थितांचं."

"आणि मी?"

काकांनी घसा खाकरला. "वहिनी, आपली नोंद... अनुपस्थित अशी आहे."

"अनुपस्थित नाही हो भावोजी, संडासात होते. तसं लिहा."

बाबा हसले. मला हसू आलं नाही. आईनं कागद घेतला, चष्मा लावला आणि पेशंटचा केसपेपर वाचावा तसा वाचला.

"हे 'आम्ही' कोण?"

"आम्ही म्हणजे... आपण सगळे."

"मग 'आपण' लिही ना. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर. तीस वर्षं डॉक्टर लोक माझ्यासमोर असंच बोलायचे. 'आम्ही ठरवलंय, सिस्टर.' बरं, तू कुठं राहतेस?"

"तुला माहितीये. ठाण्याला. भाड्यानं."

"कितव्या मजल्यावर?"

"सहाव्या."

"लिफ्ट आहे?"

"आहे."

"जिंदाबाद," आई म्हणाली आणि बादली मोरीत ठेवून आली.

मग तिनं स्वतःचा विषय मांडला, विषयपत्रिकेत नसलेला. तिच्याबरोबर नोकरीला असलेल्या एका नर्सची परळला तळमजल्यावर खोली होती, पागडीचीच. एकच खोली, आमच्या दोन्हींपुढे निम्मीसुद्धा नाही, पण संडास आत. त्या बाईची दोन मुलं लग्नाची झालेली, त्यांना जागा हवी होती. तिच्या खोलीच्या बदल्यात आमच्या दोन. दोन्हीकडचे मालक तयार होते. आई दोनदा जाऊन बघूनही आली होती.

मी उसळले. "पुनर्विकास होणार आहे इथं! दोन खोल्यांचा हक्क तू एका संडासासाठी सोडतेस?"

"ती बिल्डिंग उभी राहीपर्यंत माझे गुडघे उभे राहतील का, ते सांग. बावीस पायऱ्या आहेत. जायला बावीस, यायला बावीस. चार वाजल्यानंतर मी पाणी पीत नाही. ठाऊक होतं तुला?"

ठाऊक नव्हतं. बाबांनाही नसावं, कारण त्यांनी पेन खाली ठेवलं. काका उठून म्हणाले, बैठक तहकूब, आणि गेले. जाताना ठरावाचा कागद तेवढा घेऊन गेले. सेक्रेटरीचा हात रिकामा जात नाही.

मी दोन आठवडे रुसले. नंतर सामान हलवायला गेले, कारण पोटमाळ्यावर बाबांना चढवणार कोण? वर पत्रकांचे अकरा गठ्ठे होते, सुतळीनं बांधलेले. मी एकेक खाली द्यायला लागले, आई खालून म्हणाली, "नव्या खोलीला पोटमाळा नाही. एकच गठ्ठा न्यायचा. निवड."

"आणि बाकीचे? हा इतिहास आहे, आई!"

"मग तुझ्या सहाव्या मजल्यावर ने. लिफ्ट आहे."

मी पोटमाळ्यावर पालथी पडून चाळत बसले. पगारवाढ होती, रेशनच्या तांदळातले खडे होते, पाणीकपात होती, दूरदूरच्या देशांतल्या लढाया होत्या. मला एक तरी पत्रक हवं होतं ज्यात 'संडास' हा शब्द असेल. म्हणजे ते फडकवत खाली उतरता आलं असतं, की बघ, आमच्या लोकांनी याचाही विचार केला होता. अकरा गठ्ठ्यांत एकही नव्हतं. मी खाली उतरले, बाबांच्या हातची सगळ्यात सुबक छपाई असलेला एक गठ्ठा बाजूला काढला आणि बाकीचे भंगारवाल्याला जाऊ दिले. बाबा म्हणाले, "बरा झाला. शाई माझी, मजकूर खंयचो माझो?"

आता ते परळला राहतात. फुकट काही मिळालेलं नाही. तिसऱ्या मजल्यावरचा वारा गेला. गॅलरीतून विसर्जनाची मिरवणूक दिसायची, आता तिचे फक्त ताशे ऐकू येतात. दाराशी खुर्ची टाकून बाबा येणाऱ्याजाणाऱ्याच्या चपलांवर शेरे मारतात. खोलीत दोघंच मावतात. मी गेले की एकानं पलंगावर चढून बसावं लागतं आणि तो मान माझाच. लालबागला नवीन इमारत उठली की मी आईला बरोब्बर फोन करून ऐकवणार आहे. ती इमारत अजून उठलेली नाही.

गेल्या खेपेला संध्याकाळी सहाला आईनं चहा केला, मला दिला, आणि स्वतः आधी तांब्याभर पाणी प्यायली. गटागटा, उभ्यानं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय बघतेस? ठराव करतेस?"

नाही केला. विनंती मात्र करते, तुम्हाला, आणि हे पत्रकच समजा. तुमच्या घरात कुणी रिटायर झालं असेल आणि कुठं राहायचं यावर तुमची मतं तयार असतील, तर ती पाच मिनिटं खिशात ठेवा. आज घरी गेलात की त्यांच्या खोलीपासून संडासापर्यंत त्यांच्याबरोबर चालत जा, पायऱ्या मोजा. मग विचारा, आपण कुठं राहायचं? 'आपण' म्हणा. आणि उत्तर येईपर्यंत कृपा करून बोलू नका.