कूलरपुढचे बेशुद्ध

माझे सासरे आजवर एकदाच बेशुद्ध पडलेत, आणि तेही झोपलेले असताना.

तेव्हा ते सासरे व्हायचे होते. मी अकोल्याचा, पल्लवी अमरावतीची. बोलणी झाली होती, साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, मे महिन्यातल्या एका रविवारी ठरलं होतं. फक्त पल्लवीच्या बाबांना माझ्या कामाबद्दल शंका होती. (शंका कसली, खात्रीच होती, की मी काही करत नाही!) भर बैठकीत त्यांनी विचारलं होतं, "घरी बसून त्या कंप्युटरवर दिवसभर काय करून राहतं तू? त्यानं कोनाचं काई भलं होते का?"

मला राग आला. आणि मला राग आला की मी ॲप बनवतो. दुसरं काही येतच नाही.

उन्हापासून जीव वाचवणारं ॲप! नाव ठेवलं 'सावली'. पारा चढला की ते ओरडणार, "पानी प्या! दुपट्टा बांधा!" आवाज आमच्या आईचा, त्यामुळे न ऐकण्याची सोयच नाही. त्यातला माझा सगळ्यात लाडका भाग असा, की भर दुपारी फोन बराच वेळ हललाच नाही, तर माणूस ऊन लागून बेशुद्ध पडला असं समजून त्याच्या सगळ्या नातेवाइकांना निरोप जाणार. (आणि बनवणारा म्हणून मलाही.) हे सुचलं तेव्हा मी स्वतःचीच पाठ थोपटली होती.

चाचणी आईवर घेतली. आई म्हणजे उन्हाळाभर गच्चीवर. कुरडया झाल्या की पापड, पापड झाले की शेवया, आणि फोन सदा कमरेला खोचलेला! ती एकदाही बेशुद्ध पडली नाही. ॲप पक्कं आहे, असं मी जाहीर करून टाकलं.

साक्षगंधाच्या आदल्या दिवशी सकाळी पल्लवीच्या बाबांच्या फोनमध्ये ते मी स्वतः टाकून दिलं. त्यांना इतकं आवडलं की त्यांनी दुपारच्या आत घरादाराच्याच नाही, अख्ख्या गल्लीच्या फोनमध्ये टाकायला लावलं. "माह्या जावयानं बनवलं. टाका सारे जन!" जावई! मी तर हवेतच.

कपडे घ्यायला मी आणि आई त्या दिवशी अमरावतीतच, मावशीकडे उतरलो होतो. दुपारचं जेवण झालं आणि माझा फोन किंचाळला, 'बाबा बेशुद्ध!' मी फोन लावला. उचलेनात. तेवढ्यात, 'सासूबाई बेशुद्ध!' मग 'पल्लवी बेशुद्ध!' मग शेजारचे गुरुजी, समोरच्या काकू, कोपऱ्यावरचा किराणावाला...

"आई, पूर्ण गल्ली गेली!"

"कुठं गेली?"

"बेशुद्ध पडली वं! सारीच्या सारी! कोनी फोन उचलून नाही राहिलं!"

तोवर परतवाड्याहून पल्लवीच्या आत्याचा फोन. तिलाही निरोप गेला होता आणि ती जीपमध्ये बसून रडत होती. "माहा भाऊ कसा हाय रे?" मी काय सांगणार! चप्पल घातली आणि निघालो.

"अरे, दुपट्टा तं बांध!" मागून आवाज आला. मला वाटलं, ॲपच बोलतंय. वैतागून फोनचा आवाज बंद केला आणि तसाच पळालो.

नाक्यावर ऑटो उभे होते, पण ऑटोवाले मागच्या सीटवर आडवे. एकाला हलवलं. तो डोळे न उघडता म्हणाला, "चार वाजता ये." (एवढं होऊनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!) शेवटी धावतच सुटलो.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. दारं बंद, आणि घराघरातून कूलरची घरघर. मी फाटकावरून उडी मारली, मागच्या दाराने आत घुसलो. समोर बाबा! सतरंजीवर, बनियनवर, तोंडावर ओला दुपट्टा, हात दोन्हीकडे पसरलेले. मी कोपऱ्यातला माठ उचलला आणि अख्खा त्यांच्यावर ओतला.

"कोन मेलं बे?" बाबा ताडकन उठून बसले.

"तुमीच!" मी म्हणालो.

सासूबाई आल्या. केस विस्कटलेली पल्लवी आली. ओरडा ऐकून खिडकीत गुरुजी आले, त्यांच्याही गालावर उशीचे वळ.

"दुपारी मानूस झोपला तं तुले काय तकलीफ हाय?" बाबांच्या मिशीतून पाणी ठिबकत होतं.

"पन ॲपनं सांगतलं..."

"काहून, तुयं ॲप झोपत नाही दुपारी?"

आता बोला! सारा वऱ्हाड प्रांत मे महिन्यात जेवण झालं की कूलरपुढे आडवा होतो. मी इथलाच, इथेच वाढलो. पण दुपारी मी पुण्याच्या ऑफिसच्या मीटिंगांत, आई गच्चीवर. ॲपमध्ये सगळं टाकलं, झोप तेवढी राहिली!

"याले पोरगी देऊन राहिले तुमी?" गुरुजींनी खिडकीतूनच विचारलं.

बाबांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "साक्षगंधाचं... पाहू आता."

त्या 'पाहू'नं माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी खाली कोसळलो. यावेळी खरोखरचं ऊन लागलं होतं.

शुद्धीवर आलो तेव्हा कूलरपुढे होतो. पल्लवी पन्हं पाजत होती आणि बाबा माझ्या तळपायांना कांदा चोळत होते. नेमक्या त्याच वेळी आत्या दारातून हंबरडा फोडत आत आली, "माहा भाऊ वं!" आणि थबकली. "हे काय दादा? लग्नाच्या आधीच जावयाचे पाय धरले?"

"चूप बस," बाबा म्हणाले. "पोट्टं येडं हाय. पन माह्यासाठी बिना दुपट्ट्याचं धावलं उनात. उद्या साक्षगंध हाय, निजू द्या त्याले." मला रडूच आलं. पल्लवी मात्र माझा फोन हातात घेऊन हसत सुटली होती. गुरुजींसकट चौघांनी मला उचलून कूलरपुढे आणताना खिशातला फोन चांगला हलला होता, आणि त्यावर लिहून आलं होतं, 'शाब्बास! आज तुमची हालचाल उत्तम आहे.'

आता ते ॲप फक्त माझ्या फोनवर चालतं. पुण्याची नोकरीही मी कधीच सोडली; आता घरूनच स्वतःची कामं घेतो, दुपारच्या मीटिंगा नाहीत. रोज दुपारी पल्लवीला तिच्या बँकेत निरोप जातो, 'नवरा बेशुद्ध!' शेजारच्या टेबलावरच्या बाई घाबरून विचारतात, काय झालं म्हणून. ती मान वर न करता सांगते, "काई नाही. घरून काम करून राहिले."