दादाचं बसणं

दादा गेला त्याला आता दीड महिना होईल. "आसनावर बसल्या बसल्याच गेले म्हणे, केवढं पुण्य," असं अजूनही कुणी ना कुणी मला ऐकवतं. मी सख्खी बहीण, आणि मलाच सांगतात. तसं काही झालं नाही. दुपारी शाळेतून आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि शेजारच्या रमणभाईंच्या रिक्षातून दवाखान्यात नेताना वाटेतच गेला. सुरतेतच पर्वत पाटिया भागात माझं सासर, तिथं आमच्या घराखालच्या दुकानात फोनवर निरोप आला, तेव्हा मी भाजी निवडत होते. शांतपणे गेला असं म्हणता आलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण घाबरला होता तो. वहिनीचा हात सोडत नव्हता.

दादा लिंबायतच्या मराठी शाळेत गणित शिकवायचा. आम्ही मूळचे धुळ्याकडचे. त्याच्या नोकरीपायी सुरतेत आलो, माझं लग्नही त्यानंच इथं जमवलं. जीव लावणारा माणूस, पण राग नाकाच्या शेंड्यावर. एकदा पेटला की समोर कोण आहे हे त्याला दिसायचंच नाही. मिलिंद त्याचा एकुलता एक मुलगा. कॉलेज सोडून कापड बाजारात दुकानावर बसतो, असं तो म्हणाला, तेव्हा दादानं त्याच्या मित्रांदेखत त्याच्या कानाखाली वाजवली. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," म्हणाला. पोरानं ते शब्दशः पाळलं. अंकलेश्वरला कारखान्यात नोकरी धरली. आईला पत्र यायचं, त्यात बापाची साधी चौकशीही नसायची.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात शाळेतल्या एका निवृत्त मास्तरांनी दादाला ध्यानाला बसायला शिकवलं. पहाटे उठायचं, पाठ ताठ ठेवायची, श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढं बघायचं. राग आला तर तोही बघायचा. मी चेष्टा केली, "श्वास काय पळून जाणार आहे? त्याच्यावर पहारा कशाला?"

तो हसला. "श्वास नाही गं, मी पळतो. सारखं धरून आणावं लागतं."

त्याच्या घराखालच्या मजल्यावर कापडाचे माग चालायचे. भिंतीला हात टेकला तर मुंग्या याव्यात असा खडखडाट. त्याची तक्रार नव्हती. उलट सुट्टीला माग बंद असले की अस्वस्थ व्हायचा. "आज आतलंच सगळं ऐकू येतंय," म्हणायचा. मोक्षबिक्ष त्याच्या डोक्यात नव्हता. पोरगा परत आला तर आपला हात उठू नये, एवढ्यासाठी तो बसत होता. तसं त्यानं मला सरळ सांगितलं होतं.

आणि फरक पडला. लगेच नाही, मधे कितीतरी दिवस नुसता डुलक्या काढायचा. पण डस्टर फेकून मारणारा मास्तर आता खिडकीपाशी जाऊन उभा राहायचा आणि परत येऊन तेच गणित नव्यानं समजावायचा. रमणभाई म्हणायचे, "साहेब, तमे तो साव बदलाई गया," अगदीच बदललात म्हणून. त्याला झोप लागायला लागली. वहिनी त्याच्यासमोर मोठ्यानं हसायला लागली, हे तर मी त्यांचं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा पाहत होते.

गेल्या दिवाळीत मिलिंद आला. मी तिथंच होते. फराळाची ताटली हातात घेऊन तो बोलायला लागला, आणि मग थांबेचना. लहानपणचा मार, मित्रांसमोरची ती थप्पड, अंकलेश्वरच्या खोलीत एकट्यानं काढलेलं आजारपण... सगळं निघालं. दादा गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता, नजर खाली. शेवटी मिलिंदच म्हणाला, "बाबा, काहीतरी बोला."

"ऐकतोय मी. बोल तू."

मिलिंदनं ताटली खाली ठेवली आणि बॅग उचलली. जिन्यात मला म्हणाला, "आत्या, यांना आता काही वाटतच नाही. पूर्वी निदान ओरडायचे तरी."

मी वर आले तर दादा तसाच बसलेला. म्हणाला, "माफ कर, एवढंच म्हणायचं होतं गं. पण तोंड उघडलं की काय बाहेर पडेल याचीच भीती वाटली. गप्प बसायला शिकलो, बोलायला शिकायचं राहिलंच." उन्हाळ्याच्या सुट्टीत अंकलेश्वरला जाऊन नीट बोलेन म्हणाला. वहिनीनं त्याच्यासाठी नवा शर्टही शिवायला टाकला होता. सुट्टी लागायच्या आधीच तो गेला... फार वाईट झालं. याहून वेगळे शब्द माझ्यापाशी नाहीत.

मिलिंदनं सगळं केलं, अग्नी दिला, दहावा-तेरावा केला, पण डोळ्यांत टिपूस नाही. तेराव्याच्या संध्याकाळी मी त्याला गच्चीवर नेलं आणि दिवाळीतलं हे सगळं सांगितलं. त्याला माफी मागायची होती, हेही सांगितलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून, नजर खाली घालून ऐकत राहिला. तेव्हा अगदी बापासारखा दिसला.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठले तर वहिनी स्वयंपाकघरात नुसतीच बसलेली. दादाच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी कुकर चढवायला गेले तर तिनं हातानंच थांबवलं. "मिलिंद आहे आत." मला वाटलं, बापाच्या जागी बसला असेल, चांगलं झालं. मग आवाज आला. मिलिंद ओरडत होता. मागांच्या खडखडाटाच्या वर त्याचा आवाज चढला होता. "नाही म्हणालो असतो मी? एकदा माफ कर म्हणाला असतात तर नाही म्हणालो असतो?" मी दाराकडे निघाले. वहिनीनं माझा पदर धरून ठेवला.

"ओरडू दे त्याला," ती म्हणाली. "ते ऐकतील."