मागच्या पडवीतले दिवस

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, लेकींजवळ तर नाहीच — त्यांना मी शहाणी वाटते, ते कशाला बिघडवा? तुम्ही घरातले नाही, म्हणून सांगते.

असोद्याहून जळगावात सून होऊन आले, तेव्हा नाकात टपोरी नथ होती. आख्खी गल्ली ती नथ पाहायलाच दारात उभी राहते, असा माझा समज. असले ते नाक.

सासूबाईंना सगळे जिजी म्हणत. त्यांच्या छातीत गाठ होती — कॅन्सर. मुंबईच्या डॉक्टरांनीही हात टेकले होते. गाठ फुटली, जखम वाहू लागली. नवरा दिवसभर कापसाच्या जिनात कामाला, घरात बाई मी एकटी. कडुलिंबाच्या पाण्याने जखम धुवायची, जुन्या धोतराची पट्टी बांधायची — काम एवढेच. पण तो वास. नथीच्या नाकाला तो सोसेना.

मग मी काय केले? एका सकाळी म्हणाले, मला कावळा शिवला. — शिवला नव्हता. पण बाजूला बसलेल्या बाईने कशाला हात लावायचा नाही, आजाऱ्याला तर नाहीच नाही. घोंगडी घेतली आणि मागच्या पडवीत जाऊन बसले. वारा छान होता तिथे.

दुपारी जिजीच भाकरी घेऊन आल्या. भिंत धरत धरत. शिवाशिव नको म्हणून वरूनच टाकली आणि उंबऱ्यावर टेकल्या.

"बरं झालं व. तुले बसायले भेटलं."

मी घोंगडीचे टोक सारखे केले.

"मी बी बसे अशी. सासूनं पापड लाटायले काढले का मले लगेच कावळा शिवे."

"मग?"

"मंग काय? पापड सासूनं लाटले."

कळले होते त्यांना. हसून उठायचे, त्यांचा हात धरून आत न्यायचे — एवढेच तर होते ना? मी मान खाली घालून विचारले, अजून एक भाकरी आहे का. त्या उठल्या. भिंत धरत आत गेल्या, घेऊन आल्या.

चौथ्या दिवशी न्हाऊन मी पट्टी सोडायला बसले. पट्टीची गाठ त्यांनीच दातांनी ओढून मारलेली. त्यांचा एक हात वर होत नव्हता.

पुढे शेवटपर्यंत पट्टी मीच बांधली. जखम धुताना त्या माहेरच्या गोष्टी सांगायच्या, माझ्या नथीची थट्टा करायच्या. वास कधी येईनासा झाला, कळले नाही. आता वाटते — तोही यावा. गल्लीतल्या बायका आपल्या सुनांना माझे नाव सांगत, सेवा करावी तर अशी. मी पदर सावरून ऐकून घेई. जिजीही ऐकत. बोलल्या कधी नाहीत.

आता घरात पापड निघाले की पोळपाटाशी आधी मी बसते. सून म्हणते, आई, राहू द्या. मागच्या दाराचा उंबरा तिथून समोरच दिसतो.

ती दुसरी भाकरी मी सगळी खाल्ली होती.