दातणाच्या काडीला पाय फुटले

मंगळवारी सकाळी आमच्या कोसाडच्या घरात जे झालं, तेव्हापासून दातणाची प्रत्येक काडी मी आधी झटकून बघते…

सासूबाईंना ब्रश चालत नाही. सुरतमध्ये इतकी वर्षं काढली, पण दात घासायला धुळ्याकडच्यासारखी कडुनिंबाची काडीच लागते. माझे मिस्टर पलसाण्याला कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये आहेत. दर रविवारी ते तिथल्या झाडाची आठवडाभराची दातणं तोडून आणतात आणि मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून गॅलरीत ठेवते.

त्यातली एक काडी सासूबाईंनी उचलली, टोक दाढेखाली धरलं… आणि काडी वळवळली. त्यांनी किंचाळून ती फेकली.

मी धावले, तर फरशीवर वीतभर काडीच पडलेली. तोच मातकट रंग, तशीच पेरं, सालीसारखं खरबरीत अंग. मी वाकले आणि ती चालायला लागली…

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यांच्या गावाकडे म्हणे हा किडा चाऱ्यातून पोटात गेला तर बैलसुद्धा वाचत नाही. मी लांबूनच त्याचे पाय मोजले… चारच! किड्याला सहा असतात, एवढं शाळेतलं आठवत होतं. दोन तुटून तोंडात राहिले की काय, म्हणून मोबाईलच्या टॉर्चने सासूबाईंचं तोंड बघितलं, काही दिसलं नाही. आणि मी मूर्खासारखी मोठ्याने बोलून गेले, की दोन पाय कमी आहेत.

"मना पोटमा गयं वं ते… माले गावले ली चाल," त्या म्हणाल्या. शेवट गावी व्हावा, म्हणून तिकडे घेऊन चल म्हणत होत्या. इतका बारीक आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

किडा बरणीत घातला, रिक्षा केली. मिस्टर फोन उचलेनात, मिलच्या आवाजात त्यांना रिंग ऐकूच येत नाही. सासूबाई सारख्या पोट चाचपत होत्या. मी त्यांचं मनगट धरून बसले होते आणि देवाचं नावही धड आठवत नव्हतं.

अमरोलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांना तपासलं. बीपी वाढलं होतं, बाकी ठीक. मग त्यांनी बरणी उघडून किड्याला पेनाने हळूच डिवचलं. तसं काडीचं पुढचं टोक मधोमध दुभंगलं… आणि दोन पाय बाजूला झाले. डोक्याला चिकटवून सरळ पुढे ताणलेले! डोकं त्यांच्यामध्येच लपलं होतं, आणि आम्ही ते सगळं काडीचं टोक समजत होतो.

"बा, गणो… छ पग पूरा छे," डॉक्टर म्हणाले. सहाच्या सहा पाय शाबूत होते. बिचारा पानं खातो, विषारी नाही, हेही सांगितलं. सासूबाईंनी काचेवर बोट ठेवून तीनदा मोजले, मग रडायलाच लागल्या. मीही…

सात वर्षं मला वाटायचं, मी सासूबाईंना घाबरते. त्या रिक्षात कळलं, त्या घरात नसतील या विचाराला मी कितीतरी जास्त घाबरते.