कामेहामेहांची वकिली

आता तुम्ही मला हसणार, हे मला माहीत आहे. हसा! पण आधी माझा संताप किती रास्त होता ते ऐका.

चौदा सालची गोष्ट. मी जर्मनीत, कायझर्सलाउटर्नला मास्टर्स करत होतो. माझं नाव ज्ञानदीप. जर्मनांनी पहिल्याच आठवड्यात त्यातलं ज्ञान काढून टाकलं आणि 'डीप' ठेवलं. स्वतःची हातभर लांब आडनावं न अडखळता म्हणतात, आणि माझ्या चार अक्षरांनी यांची जीभ दमते? का म्हणून?

तर आमच्या वसतिगृहात एका शुक्रवारी क्विझ होती. प्रश्न विचारत होता आमच्याच मजल्यावरचा टोबियास.

"हवाईची बेटं एकत्र करणारा राजा कोण?"

आमच्या गटात कोणालाच येईना. टोबियासने कार्ड उलटलं. "कामे... कामेहा... हामे... आख, एगाल! राजा कामे-ब्लाब्ला!"

सगळे खो खो हसले. एगाल म्हणजे, काय फरक पडतो!

माझं डोकंच फिरलं. फरक पडत नाही? अहो, एकेक बेट जिंकून ज्याने राज्य उभं केलं, तो ब्लाब्ला? आपल्या महाराजांचं कोणी नुसतं एकेरी नाव घेतलं तरी आपण... जाऊ दे. आणि आमच्या मजल्यावरची हवाईची मुलगी तिथेच बसली होती! मान खाली घालून चिप्स खात होती बिचारी.

मी उठलो. उठलो कसला, खुर्चीवर चढलो!

"का-मे-हा-मे-हा! पाच अक्षरं! लिहिलंय तसं वाचायचं! या गावाच्या नावातच तुमचा कायझर आहे ना, तुमचा सम्राट? त्याला म्हणता का कायझर ब्लाब्ला?"

"डीप, खाली उतर."

"डीप नाही, ज्ञानदीप! नाव म्हणजे माणसाची इज्जत असते! तिच्यासमोर तिच्या राजाची थट्टा करतोस? माफी माग तिची. आत्ता! आणि नाव घेऊन माग!"

टोबियास लालबुंद झाला. खरंच वरमला हो. तिच्याकडे वळून म्हणाला, "गेनाऊ, बरोबर आहे. चुकलंच माझं. सॉरी..." आणि हळूच माझ्याकडे बघून, "नाव काय तिचं?"

मी तोंड उघडलं.

ते उघडंच राहिलं.

आता काय सांगू! आमच्या औरंगाबादच्या होस्टेलवर नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. जो ज्या गावचा, तेच त्याचं नाव. 'ए लातूर, साबण दे!' 'परभणी, चल मेसला!' चार वर्षं मी नुसता 'बुलढाणा' होतो. त्याच मायेने गेले सात महिने मी हिला म्हणत होतो, 'हाय हवाई! हवाई, थोडं दूध घेतो गं!'

"...हवाई," मी म्हणालो. आवाज खुर्चीखालून आल्यासारखा.

ती शांतपणे म्हणाली, "केअलोहिलानी. फ्रिजमध्ये माझ्या कप्प्यावर लिहिलंय. माझं दूध घेताना दिसत नाही तुला?"

मग एकही अक्षर न चुकता, "खाली बस, ज्ञानदीप."

पहिल्याच दिवशी तिने माझं नाव माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलं होतं. तिचंही तिने सांगितलं असणार. मी तेव्हा भात ढवळत होतो.

पण माझी वकिली फुकट गेली नाही हं! तेव्हापासून अख्खा मजला मला ज्ञानदीप म्हणू लागला. टोबियाससुद्धा, अडखळत का होईना. जिला ते अचूक म्हणता यायचं, ती एकटीच म्हणायची नाही. सकाळी मी फ्रिज उघडला रे उघडला की मागून हाक यायची,

"इंडिया! दुधाला हात लावू नकोस!"